सत्तेचाळीस शब्द

महिपती पाटकरी आहे. नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावर, लासुर्ण्याच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला त्याची नेमणूक आहे. फाट्याची दारं उघडायची, बंद करायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जातं ते पाळीप्रमाणं बघायचं, हे त्याचं काम. दिवसाकाठी सात-आठ मैल तो पाटाच्या कडेनं चालतो. राहायला खात्याची दोन खोल्यांची चौकी आहे. तिथं तो, त्याची बायको रतन आणि त्याची आई ठमाबाई अशी तीन माणसं राहतात. त्याला दोन मुलं होती. दोन्ही आता नाहीत.

मी आणि तो बारामतीच्या शाळेत एका बाकावर होतो. सातवीच्या फायनलला त्याचा नंबर माझ्या वर आला. पण वडील वारले, त्यांच्या जागी खात्यानं त्याला घेतलं, आणि मी पुण्याला गेलो. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि परत येऊन बारामतीच्या हायस्कुलात लागलो. तोवर तो मला मोहन्या म्हणायचा. मग मोहनराव म्हणू लागला.

"पगार घेतोस म्हंजे राव झालास," तो म्हणाला. "चष्मा लागला की साहेब म्हणीन."

त्याच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. पाण्यासाठी शेतकऱ्यानं खात्याकडं अर्ज करायचा असतो. कालव्याला पाणी कमी असलं की साहेब पाहणीला येतो. पीक उभं असेल तर पाळी मंजूर. जळालं असेल तर अर्जांच्या यादीतून नाव काढून टाकायचं. मेलेल्या पिकावर पाणी घालवायचं नाही, असा नियम. महिपतीला तो पटत नसे. साहेब आला की तो त्याला पाटाच्या बाजूनं न्यायचा. पाझरानं बांधाकडचा पट्टा हिरवा राहतो. आतला ऊस वाळला असला तरी साहेबाला हिरवंच दिसायचं. "पिकात जीव हाय, साहेब," महिपती म्हणायचा. साहेब सही करायचा. पाणी यायचं, आणि पुष्कळदा आतला ऊसही खरोखर धरायचा.

हे त्यानं मला हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

संभाजी हा त्याचा थोरला. तीन वर्षांचा होईपर्यंत इतर पोरांसारखा होता. मग त्याला आकड्या येऊ लागल्या. मग तो चालता चालता पडू लागला. मग त्याचे शब्द गेले. शेवटी शिकलेले आधी गेले, पहिले शिकलेले शेवटी. मग नजर गेली. अंगारे-धुपारे झाले, वैदू झाला, फलटणचा एक हाडवैद्य झाला. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. महिपतीनं पत्र टाकलं, आणि पोराला घेऊन तो आणि रतन दौंडावरून पुण्याला आले. मी त्यांना डॉक्टर साठ्ये यांच्याकडं नेलं. मुलांच्या मेंदूच्या आजारांसाठी त्यांचं नाव होतं.

डॉक्टरांनी अंधार करून भिंगाच्या दिव्यानं पोराचे डोळे पाहिले. मग विचारलं, "तुम्हा नवराबायकोचं आधीचं काही नातं?"

"मामाची पोरगी हाय," महिपती म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता. आमच्याकडं मामानं पोरगी दुसरीकडं दिली तर भाचा रुसतो. महिपतीच्या मामानं रतनला पळसदेवच्या भीमेकाठच्या चांगल्या घरून मागणी आलेली असताना भाच्याला दिली होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दोष दोघांच्याही रक्तात आहे. एकेकट्याचा झाकून राहतो. दोघांचा मिळाला की मुलाला बाधतो. सगळ्याच मुलांना नाही. चारांत एकाला, असा हिशोब धरतात. आजाराला दोन परदेशी डॉक्टरांचं जोडनाव होतं. औषध नव्हतं.

बाहेर आल्यावर रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. विजयमाला तेव्हा वर्षाची होती, घरी आजीजवळ ठेवलेली.

"चारांत एक म्हनले न्हवं?" महिपती म्हणाला. "तो एक झाला. म्हंजे विजूवर पाळी न्हाय."

मला ते बरोबर वाटलं. रतन संभाजीच्या ओठांवर रस लावत होती.

संभाजी चोपन्न साली गेला. सात वर्षांचा होता.

पंचावन्नच्या डिसेंबरात विजयमालेला पहिली आकडी आली. ती साडेतीन वर्षांची होती. गोरी, बडबडी, आजीच्या लुगड्याचा सोगा धरून हिंडणारी. आम्ही चौघं छोट्या आगगाडीनं दौंडला आणि तिथून पुण्याला गेलो. डॉक्टर साठ्यांनी पुन्हा अंधार केला. पुन्हा भिंग. या वेळी फार वेळ लागला. मग त्यांनी दिवा लावला आणि हात धुतले. हात धुऊन झाले तरी ते भिंतीकडंच तोंड करून उभे राहिले.

"सुरू झालंय," ते म्हणाले.

महिपतीनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. रतननं पोरीला पदरात घेतलं. विजयमाला डॉक्टरांच्या टेबलावरच्या घंटीकडं बोट करून "मला, मला" म्हणत होती.

डॉक्टर खुर्चीत बसले. येत्या ऑगस्टात युरोपात एक परिषद आहे, असं त्यांनी सांगितलं. रक्तातून उतरणारे, क्वचित कुठं दिसणारे असे मुलांचे आजार, त्यावर बोलायला देशोदेशींचे डॉक्टर जमणार आहेत. ते स्वतः जाणार आहेत. संभाजी आणि विजयमाला या भावंडांची हकीकत ते तिथं मांडणार आहेत.

"किती डाक्टर येनार तितं?" महिपतीनं विचारलं.

"तीनशे तरी."

"तीनशे." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मंग कुनाकडं तरी आवशीद निघंल की."

"तसा भरवसा देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि निघालंच कधी, तर ते सुरुवातीच्या मुलांसाठी निघेल. संभाजीसारखं सगळं संपल्यावर कोण काय करणार? ही अजून बोलते आहे, चालते आहे."

महिपतीनं हळूहळू मान हलवली. त्याला काय समजलं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

डॉक्टरांनी एक काम सांगितलं. दर महिन्याला मुलगी स्वतःहून बोलते ते शब्द लिहून पाठवायचे. म्हणवून घेतलेले नकोत. आपणहून येतील तेवढेच. शब्द कसे जातात ते पाहिलं की आजाराचा वेग कळतो. "मोहनराव, हे तुम्ही करा," ते म्हणाले. "भाषा तुमचा विषय आहे."

पहिली यादी मी स्वतः केली. डिसेंबराच्या शेवटी दोन दिवस चौकीवर राहिलो आणि विजयमालेच्या मागं वही घेऊन फिरलो. ठमाबाई म्हणाली, "मोहना, पोरगी बोलती ते लिवून घ्यायला सरकारनं पगार लावला का काय तुला?" एकेचाळीस शब्द झाले. आई. आबा, म्हणजे बाप. मम. भाकरीला भाक. वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा चौकीपर्यंत ऐकू येतो, त्याला भों. कोपऱ्यातल्या रिकाम्या बाजेला ती दादा म्हणायची, कारण तिथं संभाजी निजून असायचा. मी समोर इंग्रजी अर्थ लिहिले. दादा या शब्दासमोर काय लिहावं याचा विचार करत मी बराच वेळ बसलो.

जानेवारीतही गेलो. एकेचाळीसच होते. त्यानंतर माझी आई आजारी पडली, पुढं परीक्षा आल्या, जाणं झालं नाही. महिपती म्हणाला, "तू कशाला हेलपाटा घालतोस? मी बाजारला येतो की. सांगत जाईन."

गुरुवारी बारामतीचा बाजार असतो. महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी तो माझ्या खोलीवर येई, पाण्याचा तांब्या रिकामा करी, भिंतीला टेकून बसे आणि सांगे. मी लिही. फेब्रुवारीत त्रेचाळीस. दोन नवे होते. त्यातला एक कालवा.

"कालवा म्हणाली?"

"व्हय. दार उघडलं तवा पानी बघून म्हनली."

एप्रिलात एक शब्द सांगताना तो थोडा थांबला. मग म्हणाला, "मोहनकाका."

मला फार बरं वाटलं. मी त्याच दिवशी बाजारातून एक लाकडी चिमणी आणून त्याच्या पिशवीत ठेवली. त्यानं ती पुन्हा बाहेर काढली, कागदात नीट गुंडाळली आणि परत ठेवली.

मेच्या सुट्टीत मी लासुर्ण्याला उतरलो तर तो रस्त्यावरच भेटला. "आरं, रतन तिला घेऊन म्हायेराला गेलीया, मामाकडं. चार दिस ऱ्हाईल." आम्ही नाक्यावर चहा घेतला. त्यानं मला परतीच्या एस.टी.नं लावून दिलं. मला त्यात काही वाटलं नाही.

जुलैची यादी सत्तेचाळीस शब्दांची होती. शेवटचा शब्द सावली. चार वर्षांच्या मुलीला हा शब्द सुचतो याचं मला कौतुक वाटलं. ती यादी बेंदराच्या बाजारादिवशी लिहिली. बाहेर बैलांचे गोंडे, झुली, रंग विकायला बसलेले. महिपतीनं बैलांचं काही घेतलं नाही, त्याला बैल नाहीत. तो दुपारपर्यंत माझ्याकडं बसला. प्रत्येक शब्द ती कशी म्हणाली, कधी म्हणाली ते त्यानं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी यादी टपालात टाकली आणि आठवड्यानं डॉक्टर विमानानं गेले.

ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. महिपती दर गुरुवारी यायचा. "काय आलं का?" एवढंच विचारायचा. यादी सांगायचं मात्र बंद झालं. डॉक्टर परत येईपर्यंत राहू दे, तो म्हणाला.

ऑक्टोबरात जाड पाकीट आलं. डॉक्टरांना अकरा मिनिटं मिळाली होती. संभाजीची हकीकत ऐकताना कुणी फारशी मान वर केली नाही. तसे मुलगे त्या सगळ्यांनी पाहिले होते. पण विजयमालेची यादी पडद्यावर आली तेव्हा एक म्हातारे डॉक्टर उठून उभे राहिले. आजार सुरू झाल्यावर सात महिन्यांत एकही शब्द गेला नाही? उलट सहा वाढले? असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नंतर तीन देशांच्या डॉक्टरांनी साठ्यांना गाठलं. मुलगी काय खाते, पाणी कुठलं पिते, हवा कशी आहे. "दिवाळी झाल्यावर मी स्वतः येतो," असं शेवटी लिहिलं होतं. खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

आत आणखी एक कागद होता. नॉर्वे देशातल्या एका बाईचं पत्र. तिच्या डॉक्टरनं परिषदेहून परतल्यावर तिला हे सांगितलं होतं. इंग्रजी मोडकं होतं, माझ्या विद्यार्थ्यांसारखं.

गुरुवारी मी ते महिपतीला मराठीत वाचून दाखवलं. बाईनं लिहिलं होतं, माझा मुलगा एरिक साडेचार वर्षांचा आहे. त्याचे शब्द मी रोज वहीत लिहिते. ऑगस्टात अठ्ठावीस होते. काल एकोणीस. तुमच्या मुलीचे वाढतात असं ऐकलं. तुम्ही तिला काय देता? जे असेल ते कळवा. माझा नवरा बोटीवर कामाला आहे, तो कुठल्याही देशातून आणील.

"परत वाच," महिपती म्हणाला. "त्ये अठ्ठावीसचं."

मी वाचलं.

"रोज मोजती ती बाई?"

"रोज."

"आन् खरं त्येवढंच लिवती?"

मी हसलो. "स्वतःच्या वहीत कुणी खोटं लिहितं का?"

तो उठला. तांब्यातलं पाणी त्यानं घेतलं नव्हतं. "डाक्टर दिवाळी झाल्यावर येनार?" त्यानं पायरीवरून विचारलं आणि उत्तर न ऐकता गेला. पुढचे तीन गुरुवार तो बाजारला आला नाही.

डॉक्टर नोव्हेंबरात आले. स्वतःची मोटार घेऊन. शेजारी उसना आणलेला फिल्मचा कॅमेरा, मागं विजयमालेसाठी परदेशी चॉकलेटचा डबा. बारामतीला मला घेतलं आणि आम्ही कालव्याच्या रस्त्यानं निघालो. उसाला तुरे आले होते. डॉक्टर तासभर बोलत होते.

"तेवीस वर्षं झाली मला, मोहनराव. ही मुलं येतात आणि मी त्यांच्या आईबापांना वाक्यं सांगतो. तीच वाक्यं. आता पहिल्यांदा काहीतरी थांबलेलं बघायला मिळणार." आणि थोड्या वेळानं, "ज्वारी असेल का हो? का त्या पाण्यातच काही असेल?"

चौकीसमोर ठमाबाई शेंगा फोडत बसली होती.

"या डाक्टर. इलायतेचं आवशीद आनलं म्हना!"

"आधी नातीला बघू द्या, आजी."

"बघा की. देवळातल्या मूर्तीवानी हाय. बघायचंच काम."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारी कौतुक करते आहे.

रतन आत होती. विजयमाला तिच्या मांडीवर होती. मान एका बाजूला कललेली. डोळे उघडे होते, पण ते दाराकडं वळले नाहीत. पाय बारीक झाले होते. केस नीट विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, नव्या रिबिनी होत्या. फळीवर माझी लाकडी चिमणी होती. कागद काढला नव्हता.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. "विजयमाला," त्यांनी हाक मारली. मग बोटं तिच्या डोळ्यांसमोरून नेली. मग डबा वाजवला. तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला. पोरीचं सगळं अंग दचकलं. तोंडातून काही आलं नाही.

"कधीपासून?"

"शिमग्यापासनं एकेक गळाया लागलं," रतन म्हणाली. "बेंदराच्या बाजारादिवशी शेवटचं बोलली. तवापासनं न्हाय." तिनं डॉक्टरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भावजी, तुमाला ठावं न्हवतं?"

मी दाराची चौकट धरून उभा होतो. शिमग्यानंतर मी पाच याद्या पाठवल्या होत्या. मोहनकाका, सावली.

डॉक्टर उठून बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले. महिपती फाट्यावरून येत होता. मोटार त्याला लांबूनच दिसली असणार. तो ना पळाला, ना थांबला. होत्या त्याच चालीनं आला आणि दार फिरवायची लोखंडी किल्ली भिंतीला टेकवून उभा राहिला.

"महिपती, या याद्या कुणाच्या?"

"माज्या."

"म्हणजे?"

"माज्या मनाच्या. आधी गेलेलं ऱ्हाऊ दिलं. मंग वाढवलं."

"का?"

"तुमीच म्हनला व्हता, साहेब. निघालं तर सुरवातीच्या पोरांसाठी निघंल. जळालेल्या पिकाला पानी देत न्हाईत, नाव काढत्यात. मी रोज बघतो. माज्या पोरीचं नाव काढलं असतं तितं."

"नाव काढायला पाणी तर हवं ना!" डॉक्टरांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पाणीच नव्हतं तिथं. कुणाकडंच नाही. नाव असलं काय, नसलं काय."

"तीनशे डाक्टर व्हते न्हवं?"

"होते."

"मंग एवढी मान्सं जमली कशाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एकमेकांना सांगायला. आपापल्याकडं कसं होतं ते."

"आन् मंग?"

"मग जेवण. दुसऱ्या दिवशी दुसरे आजार."

ठमाबाईचा हात शेंगांवर थांबला होता. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. "म्हंजे बाजारात जाऊन नुसतं भाव इचारून आलासा?"

कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हो, आजी. तसंच."

कॅमेरा मोटारीतच राहिला. डॉक्टरांनी पोरीला नीट तपासलं, आकड्यांच्या गोळ्या बदलून दिल्या, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कसं निजवायचं ते रतनला दाखवलं. रतन ते आधीच तसंच करत होती. जाताना ते मला मोटारीपाशी म्हणाले, "परिषदेतल्या डॉक्टरांना मी कळवीन. चूक माझी आहे, मी येऊन बघायला हवं होतं. त्या बाईला तुम्ही लिहा. मला नाही जमणार." मला बारामतीला सोडतो म्हणाले. मी राहतो म्हटलं.

मोटार गेल्यावर मी आणि महिपती कट्ट्यावर बसलो. मला त्याच्यावर रागवायचं होतं. राग आला नाही. मी पिशवीतून कागद आणि पेन काढलं.

"बाईला काय लिहू?"

"नगं लिवू."

"महिपती, ती वाट बघतेय."

"बघू दे की. आनखी थोडं दिस तिला वाटू दे, कुटंतरी एक पोरगी बरी हाय. वाटन्यानं कुनाचं काय जातं?"

"जातं."

रतन दारात उभी होती. पोर खांद्यावर होतं, मान हातानं सावरलेली. नवऱ्यासमोर ती मोठ्यानं बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आताही ती मोठ्यानं बोलली नाही.

"ती बाई तुमचं आवशीद हुडकत बसंल, आन् पोरगं तिकडं एकटं पडंल. माजं बघा की. तुमी कुटं व्हता? पाटानं शब्द जुळवत हिंडत व्हता. बारामतीला लिवत व्हता. शेवटचं बोलली तवा हितं मीच व्हते." तिनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "बेंदराचा बाजार व्हता. तुमी गेला, आन् ती दाराकडं तोंड करून आबा म्हनली. दोनदा म्हनली. मी तुमाला सांगितलं न्हाय."

महिपती उठला. दोन पावलं पाटाकडं गेला आणि तिथंच उभा राहिला. बेंदराच्या बाजारादिवशी दुपारपर्यंत तो माझ्या खोलीत होता. ती सावली कशी म्हणाली ते सांगत होता.

रतन खाली बसली. पोरीला मांडीवर घेतलं. "लिवा भावजी," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"तिनं इचारलंय न्हवं, काय देता? ते लिवा." आणि तिनं सांगितलं. ज्वारीच्या पिठाची पेज द्यायची, पण पातळ नको. पातळ घशात अडकतं, घट्ट उतरतं. असं कुणाला वाटत नाही, पण तसंच आहे. पाजताना मान थोडी पुढं वाकवायची, मागं टाकायची नाही. एक घोट गिळला की गळ्याला हात लावून बघायचं, मगच दुसरा. आकडी आली की कुशीवर करायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. "संभाच्या तोंडात मी चमचा घातला व्हता. दात पडला त्येचा. हे पन लिवा." अंग रोज तेलानं चोळायचं, नाहीतर हातपाय आखडतात. त्यांच्याकडं थंडी असेल तर तेल कोमट करायचं.

मी लिहीत गेलो. पेजेला नीट शब्द सापडला नाही. धान्याची लापशी असं काहीतरी लिहिलं. एके ठिकाणी मी लिहिलं की मुलीचे शब्द गेले आहेत, याद्या खऱ्या नव्हत्या, बापानं केल्या होत्या. रतननं ते विचारलं नाही, मी सांगितलं. तिनं मान हलवली.

"त्या पोराचं नाव काय म्हनला?"

"एरिक."

"एरिकला ऐकू येतं म्हनावं. बोलायचं बंद झालं तरी येतं. मान्सं गप होत्यात. गप व्हायचं न्हाय. बोलत ऱ्हायचं त्येच्याशी." मग ती म्हणाली, "झालं. आता माजी भाकरी ऱ्हायलीया." तिनं पोरीला घोंगडीवर कुशीवर निजवलं, पाठीला उशी लावली आणि चुलीकडं गेली.

महिपती पाटाकडून परत आला. तो घोंगडीपाशी उकिडवा बसला. विजयमालेचे डोळे उघडे होते, भिंतीकडं लागलेले. त्यानं तिच्या वेणीला हात लावला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मी कागदाची घडी घालत होतो. रतन भाकरी थापताना थांबली आणि तिनं मागं वळून पाहिलं. महिपती तसाच बसून होता. पोरीशी काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं.